आजीची चिकटवही

चिकटवही हा शब्द आपण प्राथमिक शाळेत शिकतो आणि बहुधा तिथेच ठेवून येतो. झाडांची पाने, पक्ष्यांची पिसे, पोस्टाची तिकिटे, वर्तमानपत्रातली पुढाऱ्यांची चित्रे असे काहीबाही डिंकाने चिकटवायचे, खाली नावे लिहायची, गुरुजींची सही घ्यायची की झाले. पुढे ती वही रद्दीत जाते. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी अशीच एखादी वही करता येते. किंबहुना आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरांना अल्बमपेक्षा चिकटवहीच अधिक साजेशी आहे, असे माझे मत झाले आहे. गेले वर्षभर मी माझ्या आजीची अशी वही करीत आहे. ती मुळात का लागते, तिच्यात काय घालावे आणि ती करावी कशी, याविषयी थोडेसे लिहिते.

अल्बमला फोटो लागतात, ही पहिली अडचण. खेड्यातल्या आज्यांचे फोटो असतात कुठे?

छायाचित्रणाची कला १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याने जगापुढे आणली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा कॅमेरा आपल्या देशात उशिरा आला असे म्हणता येत नाही. मुंबईहून आमच्या पारनेर तालुक्यातल्या ओसरीपर्यंत यायला मात्र त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ओसरीवरून आत चुलीपाशी यायला आणखी काही! आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती पाहाव्यात. देवांच्या तसबिरी असतात, एखाद्या पुढाऱ्याचा फोटो असतो, फेटा बांधून खुर्चीवर ताठ बसलेले पणजोबा असतात. पणजी नसते. फोटो काढायचा म्हणजे तालुक्याला नाही तर शिरूरला जायचे, एस.टी.चे भाडे आणि फोटोचे पैसे मोजायचे, आणि परक्या पुरुषासमोर पदर सावरून बसायचे. सासुरवाशिणीला यातले काय जमणार? त्यात पुन्हा 'फोटू काढला की आविष्य कमी होतं' ही समजूत. माझी आजी हे वाक्य हसत हसत म्हणे, पण कॅमेरा दिसला की उठून आत जाई.

आजी २०२३ च्या आखाडात गेली. त्यानंतर घरातले, आत्याकडचे आणि तिच्या माहेरचे सगळे धुंडाळून मोबाईलपूर्वीच्या काळातले तिचे जे फोटो हाती आले, त्यांची यादी दोन ओळींत संपते. भावाच्या लग्नातला एक कृष्णधवल समूहफोटो. पंढरपूरला रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला एक रंगीत फोटो. मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बममधले चार फोटो. त्यांपैकी दोहोंत ती पाठमोरी आहे आणि एकात निम्मी. सत्तर वर्षांच्या आयुष्याला एवढेच.

या यादीतला मतदार ओळखपत्राचा फोटो मला विशेष वाटतो. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ साली, निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचे ठरवले. हेतू बोगस मतदान थांबवण्याचा. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्या बायकांकडे आयुष्यात कधी कोणी कॅमेरा वळवला नव्हता, त्या गावातल्या शाळेत रांगेने येऊन एकेकट्या स्टुलावर बसल्या. एकटीचा, कोणाची बायको किंवा कोणाची आई म्हणून कडेला उभी नसलेली, असा आजीचा तो पहिला फोटो. आपल्या जिल्ह्यात अशा किती आज्या असतील! पुढे 'आधार' आले. देशातले पहिले आधारपत्र आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे या महिलेला देण्यात आले. त्यानंतर आमच्याही गावी यंत्रे आली आणि आजीचा आणखी एक फोटो निघाला. सरकारी फोटो कोणी हौसेने पाहात नाही, आपण त्यांना हसतोच. परंतु चिकटवही करायला बसल्यावर कळते की, दुसरे काही नसलेल्या घरात तेच खरे धन आहे.

दशक्रियेच्या वेळी गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लावायचा होता. हल्ली तो लावतातच. फोटो हवा म्हणून चुलत्यांनी आधारपत्र तालुक्याच्या एका स्टुडिओत नेले. त्यांनी संगणकावर चेहरा मोठा केला, सुरकुत्या थोड्या पुसल्या, आणि मानेखाली जरीच्या साडीतले, मांडीवर हात ठेवून बसलेले एक तयार शरीर जोडले. स्टुडिओवाल्यांकडे अशी शरीरे तयारच असतात, बायकांसाठी साडीतली आणि पुरुषांसाठी कोटातली. तोच फोटो पुढे चौकटीत बसवून घरात लावला. दिसतोही छान. वडील रोज त्याला उदबत्ती ओवाळतात, आणि मी त्यात काही बोलत नाही.

पण आजीची धाकटी बहीण, माझी मावशीआजी, वर्षश्राद्धाला आली तेव्हा तिने त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहून विचारले, "तोंड तिचं हाये, पर ह्ये हात कुनाचे?"

आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होते. उजव्या मनगटाच्या वर तुळस आणि डाव्या हातावर ठिपक्यांच्या ओळी. माहेरी गोंदणारी बाई आली होती तेव्हा दोघी बहिणींनी एकाच दिवशी गोंदवून घेतले होते, म्हणून मावशीआजीला ते लगेच खटकले. चौकटीतले हात गोरे, नितळ आणि बिनगोंदणाचे. आजी आयुष्यभर नऊवारी लुगडे नेसली; फोटोतली बाई पाचवारी साडीत. आणखी पंचवीस वर्षांनी आमच्या घरातली मुले तोच फोटो पाहून 'आमची पणजी अशी होती' असे समजतील, आणि ते हात कोणाचे असे विचारणारे तेव्हा कोणी नसेल. चिकटवही सुरू केली ती त्या दिवसापासून. भिंतीवरचा फोटो भिंतीवर राहू द्यावा, त्याच्याशी भांडण नको. पण खरे काय होते ते कुठेतरी लिहून ठेवलेले असावे, एवढाच माझा हिशेब.

आता चिकटवही आणि अल्बम यांतला फरक सांगते. अल्बममध्ये फोटोच तेवढे बसतात. चिकटवहीत कागद, कापड, चिठ्ठी, नकाशा, कोणाचे बोलणे, काहीही बसते, आणि प्रत्येक वस्तूशेजारी लिहायला जागा असते. पाश्चात्त्य देशांत हा छंद जुना आहे. मार्क ट्वेन या प्रसिद्ध अमेरिकन लेखकाला त्याचा इतका नाद होता की, डिंक आधीच लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे त्याने १८७३ साली पेटंट घेतले. आता सजावटीचे रंगीत कागद आणि फिती विकणारा तो एक मोठा धंदा झाला आहे. आपल्याला त्यातले काही लागत नाही. मी दोनशे पानांची जाड कागदाची चित्रकलेची वही घेतली, एवढाच खर्च.

तिच्या पहिल्या पानावर आजीचे माहेरचे नाव आहे. ते मी येथे देत नाही, पण ते शोधण्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायचे आणि मुलीने ते घेऊन सासरी नांदायचे, ही चाल आपल्या परिचयाची आहे. आजीचे सासरचे नाव शिधापत्रिकेवर, मतदार यादीत, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर आहे. माहेरचे नाव एकाही कागदावर नाही, कारण ती शाळेत गेलीच नव्हती. शाळेत गेलेल्या मुलीचे जुने नाव निदान दाखल्यावर तरी उरते. न गेलेलीचे कुठेच उरत नाही. माझ्या वडिलांनाही ते ठाऊक नव्हते. ते नाव आता मावशीआजीच्या आणि माहेरच्या आणखी एक-दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी होते, आणि तेवढेच. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरवले आहे. चांगलेच आहे; पण त्यातही आईचे जे नाव येईल ते बहुतेक ठिकाणी सासरचेच असेल, असे मला आपले वाटते.

वयाचीही अशीच गंमत. आधारवर आजीची जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारीच! नेमकी तारीख माहीत नसली की वर्ष अंदाजाने धरून हीच तारीख टाकतात. मतदार ओळखपत्रावरचे वय घेऊन हिशेब केला तर वेगळेच साल निघते. अशा वेळी आपल्या माणसांच्या पद्धतीने मोजावे. जुनी माणसे तारखा सांगत नाहीत, घटना सांगतात. मावशीआजी म्हणाली, "भूकंप झाला, भांडी पडली, त्याच्या फुडल्या उन्हाळ्यात तिचं लगीन." कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. म्हणजे लग्न १९६८ च्या उन्हाळ्यातले. लग्नात ती 'न्हाती-धुती नव्हती', म्हणजे बारा-तेराची असावी. तेव्हा जन्म १९५५ च्या आसपासचा. 'मोठी आत्या दुष्काळात कडेवर होती' म्हणजे १९७२. 'इंदिरा गांधींना मारलं तवा तुझा बाप तिसरीत व्हता' म्हणजे १९८४ चा ऑक्टोबर. अशा खुंट्या ठोकून घेतल्या की मधल्या गोष्टी त्यांवर आपोआप टांगता येतात. चिकटवहीच्या दुसऱ्या पानावर मी अशी घटनांची एक ओळच आखून ठेवली आहे. इतिहासाच्या तासाला सनावळीचा कंटाळा येणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहावा.

फोटो ज्या काळाचे नाहीत त्या काळाचे काय करायचे, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. आजीच्या बोलण्यात सर्वांत जास्त येई तो १९७२ चा दुष्काळ. आपल्या जिल्ह्यात त्या साली काय हाल झाले ते येथे नव्याने सांगायला नको. प्रत्येकाच्या घरात ते ऐकलेले आहे. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, दुष्काळी कामावर सुकडी वाटत, आणि बायका खडी फोडून तळहाताला फोड आणीत. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यामागे या कामांचा अनुभव होता. आजी आमच्या शेजारच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या भिंतीवर मातीच्या पाट्या वाहात होती. तिचा त्या वेळचा फोटो अर्थातच नाही. पण तलाव आहे! मी आणि माझा भाऊ जाऊन त्या भिंतीचा फोटो काढून आलो, तो चिकटवला, आणि खाली तिच्याबरोबर कामावर असलेल्या गावातल्या दोघींनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहिले. जेथे माणसाचा फोटो नाही तेथे जागेचा, हत्याराचा, भांड्याचा फोटो घ्यावा. तिचे जाते अजून पडवीत आहे, त्याचा घेतला. लुगड्याच्या काठाचा बोटभर तुकडाही एका पानावर टाक्यांनी अडकवला आहे. कापडाला डिंक लावू नये, कालांतराने डाग पडतो.

तिचे स्वतःच्या हातचे काही हवे होते. ती लिहीत नसे. शेवटी पासबुकासोबतच्या पैसे काढण्याच्या जुन्या पावतीवर तिचा डाव्या अंगठ्याचा ठसा सापडला. घरात पानेच्या पाने लिहिणारी मी पहिली. माझ्या वहीत तिची ही एवढी सही आहे. कागदपत्रांवर जिल्हा 'अहमदनगर' असा आहे. २०२४ साली त्याचे 'अहिल्यानगर' झाले. जुन्या कागदावर जे छापले असेल ते तसेच ठेवावे, खाली आपल्या हाताने टीप द्यावी. खाडाखोड करू नये.

जाते आले की ओव्या येतातच. आजीला पुष्कळ ओव्या येत. मला त्यातल्या चार-पाच पाठ आहेत, आत्याला पन्नासेक. त्या आत्याने सांगितल्या तशा लिहून घेतल्या, 'तुझ्या आजीचं म्हननं असं व्हतं, शेजारनीचं येगळं' या तिच्या शेऱ्यांसकट. हे काम केवढे मोठे होऊ शकते याचे उदाहरण पुण्यात आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीसोबत नोंदले, हे त्यात मला फार महत्त्वाचे वाटते. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या तालुक्याच्या ओव्या तिथे अवश्य ऐकाव्यात.

बहिणाबाई चौधरींचेही असेच आहे. त्या काम करता करता म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व मावसभाऊ लिहून ठेवीत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. कोणी लिहून घेतलेच नसते तर? आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आठवते. नगर आणि राहुरी येथले त्यांचे दिवस त्यात आहेत. पहिला भाग १९३४ साली आला. पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या त्या आठवणींची टिपांसह आवृत्ती सिद्ध केली. कोण व्यक्ती, कोणते साल, कोणते गाव हे शोधून लिहिले. नातवाने आजीसाठी करायच्या कामाचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. आजी लेखिका असो वा नसो, नातवंडांनी करायचे ते हेच: टिपा देणे. मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० साली 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला, त्यातही लोकांनी घरातला एखादा जुना फोटो द्यायचा आणि त्यामागची हकिकत लिहायची, अशी रीत आहे. त्यातले बरेच फोटो शहरातल्या सुस्थित घरांतले वाटतात. खेड्यातली घरे तिथे कमी दिसतात याचे कारण वर आलेच आहे.

आता थोडे फोटोंच्या निगेविषयी. मी हे काही विचारून, काही वाचून शिकले. कृष्णधवल फोटोत चित्र असते ते चांदीच्या बारीक कणांचे, आणि ते कण जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. ओल लागली की हा थर फुगतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. म्हणून पावसाळ्यात चौकटीतला फोटो काचेला चिकटून बसतो. अशा वेळी तो ओढून काढू नये, चेहराच निघून येईल. काचेसकट त्याचा फोटो काढून घ्यावा आणि मूळ तसाच राहू द्यावा. रंगीत फोटोंचे दुखणे निराळे. त्यात रंगांचे तीन थर असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ फोटोंत त्यांपैकी निळसर रंग पेटीत बंद ठेवूनही आधी उडतो, आणि उरलेले चित्र तांबूस दिसू लागते. आजीचा पंढरपूरचा फोटो असाच तांबडा झाला आहे. मागचा रंगवलेला चंद्रभागेचा घाट जणू आगीत उभा आहे! संगणकावर रंग बराचसा परत आणता येतो. मात्र तो दुरुस्त केलेला आहे असे खाली लिहावे, नाहीतर आपणही त्या स्टुडिओवाल्यासारखेच.

चिकटवहीत मूळ फोटो लावूच नये, हे सर्वांत महत्त्वाचे. प्रत काढावी आणि ती लावावी. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असतो. इंचाला सहाशे ठिपके या मापाने घ्यायला सांगावे. ते नसेल तर सकाळी सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाईल फोटोच्या बरोबर वर धरून घ्यावा. मूळ फोटो स्वच्छ कागदी पाकिटात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत आणि पेटी मातीच्या भिंतीपासून दूर ठेवावी, कारण वाळवी भिंतीतून येते. प्लॅस्टिकच्या चिकट पानांचे जे अल्बम लग्नात भेट म्हणून मिळत, त्यांतला गोंद पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाहीत. सेलोटेप तर नकोच. फोटोच्या पाठीवर बॉलपेनाने लिहू नये. शाई उमटते आणि टोकाचा वळ पुढून दिसतो. मऊ शिसपेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे. वहीत प्रत बसवायला कागदाचे चार त्रिकोणी कोपरे करून ते चिकटवावेत, फोटो त्यांत अडकतो आणि हवा तेव्हा काढता येतो.

मोबाईलमधल्या फोटोंविषयी माझे मत जरा कडवट आहे. आजीचे शेवटच्या सहा-सात वर्षांतले फोटो चुलतभावाच्या मोबाईलमध्ये शेकड्यांनी होते. मोबाईल विहिरीत पडला, आणि त्यातले नातेवाइकांना पाठवलेले तेवढे बावीस उरले. पूर्वी फोटो मिळत नसे, आता टिकत नाही. त्या बावीसांतले सहा मी छापून घेतले. एकात ती बाजरीची भाकरी थापते आहे आणि गोंदणाचा हात पुरा दिसतो. तो मोठा करून एका पूर्ण पानावर लावला आहे.

फोटो दाखवून विचारायचे कसे, यालाही एक रीत आहे. 'हे कोण?' असे थेट विचारले की म्हातारी माणसे बावरतात, ओळख पटली नाही तर त्यांना वाईट वाटते. त्याऐवजी फोटो हातात द्यावा आणि गप्प बसावे. मग 'हे मूल कोणाच्या कडेवर आहे?', 'हे दागिने कोणाचे?' असे विचारावे. भावाच्या लग्नातला समूहफोटो मी मावशीआजीला दिला, तेव्हा तिने माणसे सोडून आधी दागिनेच ओळखले. आजीच्या गळ्यातली बोरमाळ तिची नव्हतीच, लग्नापुरती वहिनीकडून मागून आणलेली. तिची स्वतःची दुष्काळात मोडली होती, आणि ती पुन्हा कधी झाली नाही. हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. माझ्या वडिलांना तर मुळीच नाही. ते ऐकून काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तिघांना विचारले तर तीन उत्तरे येतात. तिन्ही लिहावीत, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. बोरमाळ नेमकी केव्हा मोडली यावर आत्या आणि मावशीआजी यांचे एकमत नाही. आत्या म्हणते तिच्या आजारपणात, मावशीआजी म्हणते त्याआधीच. वहीत दोन्ही आहे. कोणाचे खरे ते ठरवण्याची घाई आपण का करावी? आणखी एक, नातेवाईक मूळ फोटो मागतात आणि रुसतातही. त्यांना चांगल्या प्रती काढून द्याव्यात, म्हणजे भांडण मिटते, आणि एका घराला आग लागली किंवा ओल आली तरी दुसऱ्या घरात फोटो राहतो.

समूहफोटोत एकूण एकोणीस माणसे आहेत. फोटोवर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या कडा पेन्सिलीने काढल्या आणि प्रत्येकाला आकडा दिला. समोरच्या पानावर आकड्यांपुढे नावे. सतरा लागली. अकरा नंबरचे एक लहान मूल आहे, ते हलल्याने चेहराच आला नाही. आणि आजीच्या खांद्यावर हात ठेवून, तिच्या अगदी लगत उभी असलेली चौदा नंबरची बाई. तिला मावशीआजीही ओळखत नाही. "तिची मैतरीण असंल," ती म्हणाली. सासरी गेलेल्या बायकांच्या मैत्रिणी असतात आणि त्यांची नावे घरात कोणालाच ठाऊक नसतात, हे मला नवीन होते. त्याच आळीतली एक बाई ओतूरला दिली आहे आणि ती अजून आहे, असे कळले. परीक्षा संपली की फोटोची प्रत घेऊन मी ओतूरला जाणार आहे. चौदा आकड्यापुढची जागा तोवर कोरी ठेवली आहे.